साडेचारशे वॉट

परभणीत, जिन्याखालच्या दुकानात
मुजीबभाईनं खोक्यातून कार्ड काढलं.
तीन पंखे, विटेएवढं जड.
मी खिशातनं आईची शिलाईची टेप काढली.
एकतीस सेंटिमीटर.
माझा कॅबिनेट अठ्ठावीसला संपतो.

"अन् पॉवर सप्लाय?"
"साडेचारशे."
तो हसला नाही. नुसतं खोकं झाकलं.

मग ड्रॉवरमधलं एक बुटकं,
सेलूच्या कुण्या पोरानं
एमपीएससीला बसायचं म्हणून विकलेलं.
फुंकर मारली तर काळी धूळ उडाली,
आमच्याच रानातली.
"लावून बघ, मग पैसे दे."

रात्री गेममधल्या डोंगरावर
पहिल्यांदाच गवताचं पातं न् पातं हललं.
खिडकीबाहेरचा लिंब गप्प, बेचाळीस डिग्रीत.
मी खेळलोच नाही.
बराच वेळ तिथंच उभा राहिलो,
वाऱ्याला.