पाच ट्रॅक

घणसोलीत, पोटमाळ्यावरच्या खोलीत
हे यंत्र हप्त्यांवर आणलं.
पाच ट्रॅक. पायाने दाबायचं,
आधी लाल, मग हिरवं.

पहिल्यावर हसुरामची ढोलकी,
तो कतारला गेला त्याच्या आदल्या रात्रीची.
दुसऱ्यावर त्याचीच खंजिरी.
तिसऱ्यावर माझा बेंजो.
चौथ्यावर बाळाराम येणार होता,
नुसता पंखा आलाय.

पहिला ट्रॅक जेवढा लांब
तेवढंच पुढच्या सगळ्यांचं अंगण.
मावत नसेल त्याने बाहेर राहायचं.
आणि पुसता येते ती फक्त शेवटची चूक,
खालच्या तशाच.
दर फेरीला हसुराम खोकतो,
त्याच जागी, समेच्या जरा आधी.

परवा तळवलीत हळद होती.
नवरीची आत्या नाचता नाचता थांबली,
पदर खोचू लागली.
हसुरामने हात रोखला असता,
तिच्याकडे बघत
बोटांनी नुसतं घुमवत राहिला असता.
यंत्र पुढे गेलं.
आत्या हसली, मग बसलीच.

रात्री ते सगळं त्याला पाठवलं,
खोकल्यासकट.
सकाळी त्याचा निरोप:
ठेका ओढलाय रे जरा.
कोण बसवलास ढोलकीला?