साइडकारचं चाक

रे रोडच्या पुलाखाली मोइदू विचारतो, किती भरू?
मागच्यात चौतीस, पुढच्यात अठ्ठावीस.
इथवर सोपं आहे.
तिसऱ्या चाकाशी मी अडते.

चोवीस भरली की पेव्हर ब्लॉकवर
बाबा टुणकन उडतात,
फिस्टुलाचा हात छातीशी धरून
मला शिव्या घालतात.
अठरावर गाडी डावीकडे झुकते,
थेट मेथीच्या जुड्यांवर.

आठवड्यातून तीनदा परळ.
जाताना अठ्ठावन्न किलो चारशे,
येताना पंचावन्न नऊशे.
मधलं पाणी मशीनकडे सोडून येतो आम्ही.

मोइदू गेज लुंगीला पुसतो.
"अडीच किलोनं टायरला काय कळणार, ताई?"

"कळतं!"
साइडकारमधून आवाज येतो,
गोदीत पस्तीस वर्षं क्रेन चालवलेला.
"माझ्या दोराला कळायचं.
पोतं फाटकं असलं तरी कळायचं."

फुस्स.
एकवीस.
मोइदू पैसे घेतो, टोपी फिरवतो,
येताना थांबा म्हणतो, एक पॉइंट काढू.

येताना थांबत नाही.
बाबा झोपलेत, तोंड उघडं.
चाक हलकं झालंय, दर खड्ड्याला सांगतंय.
मी दुसऱ्या गिअरवरच
शिवडीपर्यंत,
मागून टँकर हॉर्न मारतोय, मारू दे.