पोटखराबा

एकतीस वर्षं मी जमीन मोजली.
उत्तर सोलापूर तालुक्यात असा बांध नसेल
जिथे माझ्या चपलेचा अंगठा तुटला नाही.

नान्नजच्या अलीकडे डांबर सुटलं की माळ लागायचा.
झाड नाही, विहीर नाही,
वाऱ्याने भांग पाडलेलं गवत आणि गवतापलीकडे गवत.
रकान्यात मी लिहायचो: पोटखराबा.
अक्षर माझं चांगलं होतं.

म्हाळाप्पा साखळीचं दुसरं टोक धरायचा
मेंढरं राखता राखता, चहाच्या पैशांवर.
एकदा म्हणाला, "सायेब, ह्या रानाला काय लिवलंत?"
सांगितलं.
तो हसला नाही.
"पोट खराब? कुणाचं?
माझ्या दोनशे मेंढरांचं तर बरं हाय की."

मग उकिडवं बसून त्याने नावं सांगितली.
ही पवन्या. ही मारवेल, गाभण मेंढीला घालायची.
ही कुसळी, धोतरात शिरली की घरापर्यंत सोबत येती.
एक ठोंब उपटून उलटा धरला:
मुळं म्हातारीच्या केसांसारखी, आणि त्यांत माती
ओली.
वर तर धूळ उडत होती.
"पाऊस हितं मुरतो. मग खाली तुमच्या इहिरीत उतरतो.
तुमास्नी वाटतं, इहीरच पाणी देती."
मी घड्याळ बघत होतो.

त्याच भाद्रपदात, हद्दीचा दगड रोवायचा तिथे
आधीच एक दगड होता.
म्हाळाप्पाने उचललेला पाय तसाच मागे घेतला.
शेवाळी, तपकिरी ठिपक्यांचं, मुठीपेक्षा थोडं मोठं,
एकच.
काडी नाही, पीस नाही, आडोसा नाही,
'आलेच हं' म्हणून कुणी उघड्यावर ठेवून गेल्यासारखं.

ती लांब उभी होती.
डोक्यावर घागर नसताना
घागरीचा तोल सांभाळणाऱ्या बाईसारखी, मान ताठ.
माळढोक मी त्याआधी फक्त
बसथांब्याच्या भिंतीवर पाहिला होता, रंग उडालेला.

मी पंचवीस कड्या हद्द सरकवली.
म्हाळाप्पाने खुंटी धरली, मी ठोकली,
नकाशावर रेघही तशीच ओढली.
नोकरीतली एकच खोटी मोजणी.
पिल्लू निघालं का खोकडाने अंडं नेलं,
विचारायचं राहून गेलं.

नंतर माणसं येत राहिली.
एकाला खडीची मशीन टाकायची होती,
एकाला शेड. "पडीकच आहे ना?"
एका जूनमध्ये शाळेची पोरं आली, पांढऱ्या टोप्या घालून,
सरांनी भाषण केलं, निसर्ग वाचवा म्हणाले,
आणि गवत खणून रांगेत गिरिपुष्प लावलं.
टाळ्या मीही वाजवल्या.
म्हाळाप्पा कडेला उभा होता. मेंढरं चाळीसेक असतील.
वाईट त्यात कुणीच नव्हतं.
सगळ्यांच्या हातात माझ्या अक्षरातला उतारा होता.

आता दमाणीनगरात राहतो. नळ पाचव्या दिवशी येतो,
तोही रात्री दोनला. बायको ड्रम लावते,
मी पाइप धरतो. कुणाच्या तरी साखळीचं दुसरं टोक
धरल्यासारखा.
पाणी येण्याआधी नळ बराच वेळ नुसती हवा सोडतो,
त्या आवाजात मला माळ ऐकू येतो,
असं म्हटलं तर बायको म्हणते, झोप झाली नाही तुमची.

परवा जुनी खाकी पँट फडक्यासाठी फाडली.
शिवणीत एक कुसळ निघालं.
किती वर्षांचं, देव जाणे. वाळून सुईसारखं.
ड्रमाशेजारी ओल्या फरशीवर ठेवलं
तर हळूहळू पीळ सुटायला लागला त्याचा.
फिरत होतं, टोक खाली घालून,
शहाबादी फरशीत कुठे माती लागते का बघत.

बायको म्हणाली, पाणी वाहून चाललंय.
मी पाइप दुसऱ्या ड्रमात घातला.
ते अजून फिरतच होतं.