ताबा

रोला चौकामागे, दुसऱ्या मजल्यावर
एसीचं पाणी पत्र्याच्या डब्यात टपटपतं.
मी हुसैन मुकादम, मूळ दाभोळचा.
अरबी टंकलेखन, भाषांतर, पानाला चाळीस दिरहम.
व्हिसा, भाडेकरार, गाडी विकल्याचे कागद
आणि गुरुवारी, का कोण जाणे गुरुवारीच,
घर मोडल्याचे.

आज वरदा मिरजकर आल्या.
नवरा अबूधाबीत, फोनच्या स्पीकरवर.
दोघांचं मराठी अजून एकाच गल्लीतलं.
नावाच्या जागी ‘अर्जदार क्रमांक दोन’ वाचताना
बाई अडखळल्या,
पलीकडे तोही खोकला.

कलम चार : अपत्याचा ताबा.

अपत्य खुर्चीवर पाय हलवत
माझ्या टोकनच्या चिठ्ठ्यांवर कासवं काढत होतं.
इरावती. आठ वर्षं.
पासपोर्ट वकिलाकडे, दप्तर आईकडे,
सायकल बापाच्या गॅलरीत, हवा गेलेली.
म्हणाली, अंकल, ताबा म्हणजे?
आई पर्समध्ये काहीतरी शोधू लागली.

ताबा खोलीचा असतो, पोरी. गाळ्याचा असतो.
चोरीची मोटर सापडली की पोलीस घेतात तो.
हे मी बोललो नाही. म्हटलं,
तू कुठे झोपणार, ते.
ती म्हणाली, पालथी.

तेवीस वर्षं मी हा शब्द उतरवतोय.
अरबीत त्याला हदाना म्हणतात.
मुळाशी हिदन, म्हणजे कवेतली जागा,
छातीपासून मांडीपर्यंत, मूल मावेल एवढी.
आणि ताबा? तोही म्हणे इकडचाच,
जुन्या एखाद्या गलबतातून आमच्या बंदरात उतरलेला :
मागून चालणारा, हुकमातला.
माल उतरवताना काहीतरी चुकलं आमचं.
हुकूम घरी नेला, कूस धक्क्यावरच राहिली.
आमच्याकडे ओटीत घालणं होतं की,
ते कोर्टाच्या पायरीशी चपलांसोबत काढून ठेवलं.

फॉर्मला रकाने आहेत :
बापाचा पगार, आईचा पगार, खोल्या किती,
सुट्टी कुणाकडे, तिकिटाचे पैसे कोण देणार.
पोरीला विचारलं का, असा रकाना नाही.
कायदे बदलतायत म्हणतात. बदलोत, लवकर.
मला फक्त समास कळतो,
दोन्ही बाजूंना सोडलेली कोरी पट्टी,
जिच्यावर कुणी दावा लावत नाही.

छापून झालं. स्टेपल करताना
पानं मोजली : सात.
सातव्यावर कासव.

मी पैसे सहाचेच घेतले.