फाटक उघडं होतं

हे लटारू निकुरेच्या पुस्तकाचं नाव.
मूलच्या ज्या छापखान्यात लग्नपत्रिका निघत
तिथंच निघालं, एकशे बारा पानं,
मागच्या कव्हरावर चुकून राहिलेला गणपती.

चांद्याच्या तुरुंगातून तो पळाला, त्याची हकीकत.
म्हणजे पळाला असं लोक म्हणतात.
तुरुंगाच्या बागेतली वांगी डोक्यावर घेऊन
तो फाटकातून बाहेर आला,
शिपायाला रामराम केला,
आणि अर्धा कोस चालून गेल्यावर
त्याच्या ध्यानात आलं
की आता पळायला पाहिजे.
अकरा दिवस. मग एका बोडीच्या पाळीवर
शिंगाडे सोलताना सापडला.

पहिला सिनेमा आला तेव्हा मी
रज्जाकभाईच्या तंबूत रिळं गुंडाळत होतो.
जत्रा, थंडी, धानाची चुरणी उरकलेली.
पडद्यावर तीस फुटी भिंत,
विजा, कुत्री, नायकाचे ओले दंड.
बोडीच्या जागी धबधबा
आणि धबधब्याखाली एक बाई, हातात कंदील,
तो काही विझेना.
वांग्यांची टोपली कुठंच नाही.

कवडू मात्र होता.
पुस्तकात तो शेजारच्या वाफ्यात, खुरपं घेऊन,
पान एकसष्ट:
‘कवडूनं पाह्यलं. कवडूनं मान खाली घातली.’
एवढंच.
सिनेमात तो जाडा, ढेकर देणारा,
त्याची चड्डी सुटली तेव्हा तंबू हसला.
मीही हसलो. चौदा वर्षांचा होतो.

कवडू शेंडे माझा बाप.
तुराटीसारखा वाळका.
त्या खाली घातलेल्या मानेपायी
त्याची दीड वर्षाची माफी गेली
आणि डाव्या हाताची दोन बोटं
पुन्हा कधी वळली नाहीत.

दुसरा सिनेमा सव्वीस वर्षांनी.
दिग्दर्शक स्वतः गावात आला,
लटारूला चांद्याला घेऊन गेला, विचारलं, कोणती भिंत?
लटारूनं फाटक दाखवलं.
त्यानं फाटकाचा फोटो काढला
आणि भुयार केलं.
चमच्यानं खणलेलं, चार महिने.
सुरुवातीला पाटी: सत्य घटनेवर आधारित.
यात कवडू चुगलखोर.
बिडीच्या बंडलासाठी
साहेबाच्या कानाशी लागतो.

आता तंबू माझा. रिळं गेली,
पानाच्या डब्याएवढ्या यंत्रात सगळं मावतं.
पहिला खेळ मी गप पाहिला.
दुसऱ्या खेळाला ते दृश्य आलं
तसा भिंगापुढं हात धरला.
बेचाळीस सेकंद.
बोटांच्या कडा लाल दिसत होत्या.
शिट्ट्या. ‘पैसे वापस!’ एक चप्पल आली.
आवाज बंद करायचं सुचलंच नाही,
अंधारात कवडू कुजबुजत राहिला:
साहेब, साहेब.

खेळ सुटल्यावर लटारू आला.
दार सताड उघडं, तरी
कनात उचलून, खालून, रांगत.
तिकीट काढलेलं, मुठीत.
म्हणाला,
‘टोपलीत वांगे नोते, बापू.
मेथी होती.
तुयाच बापानं खुडली.
बाहेर नेऊन द्याची पारी बी त्याचीच.
मी म्हनलं, आज मी नेतो.’

मग पुस्तकात वांगी का?

‘वांग्याले वजन असते,’ म्हणाला,
आणि खुर्चीवर बसला.
चहा बशीत ओतून प्याला.
तो धबधबा खरा कुठं आहे का
ते विचारून गेला.

रात्री पडदा उतरवून घडी घातली.
आमच्या वाडीत सांभार असायचा, पालक,
वालाचे वेल कुडावर.
मेथीचा वाफा नव्हता.
आईनं एकदा बाजारातून जुडी आणली
तर बाप स्वतः निवडायला बसला,
तीनच बोटांनी, एकेक पान,
दिवेलागण होईपर्यंत,
आणि सगळी नेऊन म्हशीपुढं टाकली.
कडू लागते, म्हणाला.