कुठला पिवळा

चावी माझ्या हातात पडली
तेव्हा शोरूममधल्या योनातानने विचारलं,
"चालवणार काका ना?"
वेइक्कोने पांढरी काठी तोवर पाठीमागे धरलेली.
"मी नुसता बघायला आलोय," म्हणाला.

आणि बघितलीही त्याने.
सुरुवात बॉनेटपासून, बोटांनी.
हेडलाइटच्या कडेला अंगठा अडला,
"उगीच रागावलीय."
टायरची भिंत दोन बोटं भरली.
"एवढीच? आपल्या खडीवर मणके मोजून घे घरी गेल्यावर."
मागच्या पंखाला टिचकी मारली.
प्लास्टिक.
हे तो बोलला नाही, भुवया बोलल्या.
मग गुडघे टेकून एक्झॉस्टचा वास घेतला,
थंड, कोरा,
अजून कुठे गेलीच नव्हती ती.

"रंग?"
"पिवळा."
"कुठला पिवळा?"

तीस वर्षं मी त्याच्या शेजारी बसून वळणं वाचली.
उजवं चार, आवळत जातं, कापू नकोस, आत दगड.
सत्तर. उडी. मधे राहा.
गुडघ्यावरच्या वहीत अख्खं जंगल बसायचं,
कुठे जीभ अडखळली नाही.
आणि आता एक पिवळा सांगता येईना.
बर्चची पानं? नाही, ती अजून पंधरा दिवसांनी.
"मोहरी," म्हटलं शेवटी, "सॉसेजवर पिळतोस ती."
"मग चालेल."

सीट अशी की बसलं की धरतेच.
साठीनंतर कमरेला इतकं घट्ट कुणी धरलं नव्हतं,
हे मी मोठ्याने म्हटलं बहुतेक,
कारण मागे योनातान खोकला.
स्टिअरिंगची शिवण वेइक्कोने नखाने चाचपली.
"लाल असणार."
लालच होती.
मग त्याचा हात रेडिओच्या बटणाकडे गेला
आणि काचेवरून घसरला.
पुन्हा गेला. पुन्हा काच.
एकही बटण नाही, नुसता गुळगुळीत उजेड.
हात मांडीवर परत आला.
त्याच्या डोळ्यांत आता दोनच गिअर उरलेत,
उजेड आणि अंधार,
आणि ही काच त्यातल्या कशातच पडत नव्हती.

मी इंजिन सुरू केलं.
गुरगुराट. भरदार, छातीतला.
"थांब," म्हणाला. "हा खोटा आहे. दारातून येतोय."
योनातान कबूल झाला, स्पीकर आहे, स्पोर्ट मोडमध्ये
थोडं वाढवून ऐकवतो.
"बंद कर."
त्याखाली खरी होती ती,
तीन सिलिंडरची, जरा लंगडी,
कुत्रं तीन पायांवर धावतं तशी,
पण धावणारी.
वेइक्कोने मान हलवली. आता ओळख झाली.

चर्चमागून तळ्याकडे जाणारा रस्ता.
क्लच हलका, उथळ.
दुसऱ्यात पाय दाबला तर आधी काहीच नाही,
मग एकदम सगळं,
आणि स्टिअरिंग हातातून डावीकडे ओढायला लागलं,
बाजारात हात सोडवणाऱ्या पोरासारखं.
मी हसले. कधीची हसले नव्हते अशी, दात दाखवून.
डांबर संपलं. खडी पोटाखाली तडतडली.

"डावं पाच, लांब," वेइक्को म्हणाला.

समोर डावं पाच होतं. लांब.

"शंभर. चढ. माथ्यावर उजवीकडे धर."
वही नाही. डोळे मिटलेले.
माझाच आवाज त्याच्यात साठवलेला,
माझ्याच जागी बसून मला परत वाचून दाखवत होता,
ठेका तोच, श्वास घ्यायची जागाही तीच.
गाडी माथ्यावर हलकी झाली,
बसली,
मागचं टोक किंचित सरकलं आणि माघारी आलं.
योनातानचे गुडघे हनुवटीला लागले असतील.

"उजवं तीन. गोठा. कापू नकोस."

गोठा नव्हता.
नऊ वर्षांपूर्वी जळला, मग जमीन विकली गेली,
जंगलही तोडलं त्या बाजूचं.
वळण सरळ उघडं, पलीकडचं तळं दिसत होतं,
खुशाल कापता आलं असतं.
मी गोठ्यासाठी ब्रेक दाबला.
बाहेरून वळले, भिंतीला जागा सोडून.

वेइक्कोने तळवा डॅशबोर्डवर टेकवला.
"ब्रेक चांगले आहेत," म्हणाला.