डावा धोटा

मे महिन्यात तांडापेठेत
संध्याकाळी सातला व्होल्टेज एकशे ऐंशीवर येतं.
गल्लीतले सगळे कूलर एकाच विहिरीत
दोर सोडून बसलेले असतात,
आणि माझा अ‍ॅम्प्लिफायर, नवा, अठरा किलोचा,
सीताबर्डीहून स्कूटरवर दोन पायांत धरून आणलेला,
डग्गा अर्धाच उचलतो, खाली ठेवतो.

"एवढ्यात तीन कूलर आले असते," रेवती म्हणाली.
आले असते. तेही एकशे ऐंशीवरच फिरले असते.
हे मी बोललो नाही.

मग भुंगा. रेकॉर्ड नसतानाही
दोन्ही स्पीकरांत तोच, एका सुरात.
केबल बदलली, भुंगा तसाच.
जुन्या पंचवीस वॅटवर तो असणारच,
पण ताकद वाढली
तशी घरातली खोटही मोठ्यानं बोलू लागली.

हिरामण पराते, ट्रान्सफॉर्मर गुंडाळणारे,
बोटांवर वार्निश, कानावर पेन्सिल,
आले, अ‍ॅम्पकडे पाहिलंसुद्धा नाही.
"अर्थिंग कुठं हाय?"
मोरीमागे. गंजलेली सळई, हातभर.
"हिच्या भरोशावर चाळीस हजार ओतले काय, भाऊ?"

सहा फूट खड्डा. तांब्याची पट्टी,
खडं मीठ, कोळसा, पुन्हा मीठ.
आमच्याकडे नळ एक दिवसाआड,
तरी रोज सकाळी एक बादली त्या खड्ड्याला.
देव बसवलास की काय, रेवती विचारते.
तिसऱ्या दिवशी भुंगा उडाला.

राहिला थरथराट.
कूलर खिडकी हलवायचा, खिडकी भिंत,
भिंत फळी, फळी सुई.
शेजारी हेडाऊंकडे दोन पावरलूम अजून चालतात,
तेही फरशीतून येऊन गाण्यात बसायचे.
कडप्प्याचा तुकडा आणला, कुणाच्या ओट्यातून उरलेला,
त्याखाली पोराच्या सायकलची ट्यूब, अर्धी हवा.
स्पीकरच्या स्टँडांत कन्हानची रेती भरली,
पायांखाली जाड रबर.

रात्री दोन. व्होल्टेज दोनशे अठ्ठावीस.
कूलर बंद केला, घाम मानेवरून उतरू दिला,
आणि ऐकलं:
सारंगीवर गज टेकण्याआधीची
ती एवढीशी जागा. स्वच्छ.

बाबा तक्तपोसावर जागे होते.
चाळीस वर्षं लूमवर; कान तिथंच राहिले.
तेव्हापासून ते तळपायांनी ऐकतात,
हे घरात लहान पोरालाही ठाऊक,
आणि मी रबर कापताना विसरलो.
"बंद केलं काय?" ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी रबर काढलं.
स्पीकर सरळ त्यांच्या तक्तपोसावर ठेवले, उघड्या फळीवर.
सुई बिचकली, कडप्प्यानं सांभाळली.
बाबांनी दोन्हींवर एकेक तळवा ठेवला.
डोळे मिटले नाहीत. मागावर कोणी डोळे मिटत नाही.
बराच वेळ गेला.
मग म्हणाले,
"डावा धोटा हळू जाऊन राह्यला."

मी मान हलवली: नाही.
त्यांनी डाव्याला टिचकी मारली.
"सूत नाही तुटत अशानं. कापड झिरझिरं निघते."

मीटर लावायला मला अर्धा तास लागला,
कारण मला खात्री होती.
डाव्या बाजूला, मागच्या पट्टीवर, एक स्क्रू सैल,
त्यातली तार जळून काळी.
तार सोलली, पिळली, स्क्रू आवळला.
पावणेदोन आटे.

हेडाऊंचे लूम जेवणासाठी थांबले होते.
बाबांनी दोन्ही तळवे परत ठेवले,
काही बोलले नाहीत,
नुसता अंगठा एकदा वर, एकदा खाली,
कांडी संपत आली की करायचे तसा.
मी उठलो, रेकॉर्ड उलटी केली.